जपानला कळवतो

पोहे आधी ठरले, जपान नंतर.

तसं कागदोपत्री जपान आधी ठरलं होतं. पण आमच्या घरात कांदा चिरला गेल्याशिवाय काही ठरलं असं मानतच नाहीत.

मी निशिगंधा गायधनी. जन्म दोहाचा, मुक्काम अल नस्र, तिसरा मजला. वीस वर्षं परदेशात राहतेय आणि एकदाही परदेशी गेलेली नाही. दर सुट्टीत नाशिक. तिथे सगळे मला 'तुमच्याकडे कसं असतं' म्हणून विचारतात. इकडे परत आलं की माझ्या रेसिडन्सी कार्डाच्या मागे जामीनदार म्हणून बाबांचं नाव असतं. दोन्हीकडे मी कुणाची तरी कोणीतरी. जिथे मला कुणीच ओळखत नाही आणि जिथे मी स्वतःच्या पायांनी गेले आहे, अशी जागा मला एकदा बघायची होती. बस, एवढंच. चेरीची फुलं वगैरे नाही.

मी डिझाइन शिकते. ('मडकी करते,' असं आई भिशीत सांगते.) आमच्या विद्यापीठातून एका सत्रासाठी एका विद्यार्थ्याला जपानला पाठवतात. नागोयापासून जरा लांब एका छोट्या गावातलं विद्यापीठ. तिथे लाकडावर पेटणारी भट्टी आहे. आमची भट्टी विजेवर चालते आणि तिच्यातून निघालेलं प्रत्येक भांडं हॉटेलच्या बुफेतून चोरल्यासारखं दिसतं.

जागा एकच होती. ती मला मिळाली. माझ्या मागे प्रतीक्षायादीत अलीजा. तिने अभिनंदन करताना माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "काही प्रॉब्लेम आला तर मला लगेच सांग हं." इतक्या मायेने की मला ताप आला.

बाबांची एकच अट : "सहा महिन्यांच्या आत परत यायचं, नाहीतर रेसिडन्सी खलास." विद्यापीठाचीही एकच अट : गावात हॉस्टेल नाही, तेव्हा परदेशी विद्यार्थ्याने कुणाच्या तरी घरी राहायचं, आणि त्या घराने आणि आपल्या घराने, दोघांनी हो म्हणायचं. माझ्या वाट्याला मोरिता नावाचं जोडपं आलं. सत्तरीतलं, मुलं शहरात, वरची खोली रिकामी. आमच्या एक्स्चेंज ऑफिसातली हनिया म्हणाली, "शुक्रवारी व्हिडिओ कॉल ठेवते. दोन्ही कुटुंबांची नुसती ओळख व्हावी म्हणून."

आईने हे ऐकलं, हातातली भाजी खाली ठेवली आणि म्हणाली, "म्हणजे बघण्याचा कार्यक्रम."

(आपण कोणाकडचे?)

"आपण मुलीकडचे," बाबा म्हणाले. "मुलगी देतोय ना आपण."

"देत नाही, ठेवतोय," आई म्हणाली. "आणि घर त्यांचं बघायचंय. बघणारे ते मुलाकडचे."

"मग मुलगा कोण?"

"तो मुद्दा नाहीये."

निवाड्यासाठी नाशिकहून पुष्पावती आत्याला फोनवर घेतलं. आत्या बाबांची मोठी बहीण. निम्म्या नाशिकची लग्नं तिने जमवली आहेत आणि उरलेली मोडली आहेत, असं बाबाच म्हणतात. ती म्हणाली, "हेमू, ज्यांची मुलगी जाते ते मुलीकडचे. मग ती सासरी जावो नाहीतर सायबेरियात. पोहे करा. आणि नीट ऐका, काहीही झालं तरी त्याच दिवशी हो म्हणायचं नाही. हो म्हटलं की मुलगी घरात जड झालीय असं वाटतं. कळवतो म्हणायचं आणि गप्प बसायचं. पुढची विचारणा त्यांच्याकडून आली पाहिजे."

"आत्या, ते जपानी आहेत," मी म्हणाले.

"म्हणून काय झालं? माणसंच आहेत ना?"

(कोण कुठे बसलंय)

दोहा, शुक्रवार सकाळ. सोफ्याच्या मधोमध बाबा : वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली पँट. उजवीकडे आई, मोरपिशी साडी. डावीकडची जागा रिकामी. तिथे मी बसायचं, पण मागाहून, ट्रे घेऊन.

नाशिक, पडद्याच्या कोपऱ्यात. आत्याचं अर्धं कपाळ आणि पूर्ण पंखा.

जपान. दुपार उलटलेली. बुटक्या टेबलाशी जमिनीवर श्री. आणि सौ. मोरिता. पाठी सरळ. श्रीयुतांच्या गळ्यात टाय.

(सगळं इंग्रजीत, प्रत्येकाच्या आपापल्या. घरातल्या घरात मराठी.)

बाबा : मी हेमचंद्र. गॅसमध्ये इंजिनियर आहे.

श्री. मोरिता : मीही गॅसमध्येच होतो. बंदरावर. जहाजं रिकामी करायचो. तुमच्याकडूनही यायची.

बाबा : (पुढे सरकत) आमचा गॅस? तुमच्या शेगडीत?

श्री. मोरिता : बहुतेक.

बाबा : (आईला) अगं, देवाणघेवाण आधीपासूनच आहे!

आत्या : हेमू, देण्याघेण्याचं पहिल्या बैठकीत काढू नकोस.

(मी ट्रे घेऊन येते. चार बश्या. दोन बश्या सात-आठ हजार किलोमीटरवर बसलेल्यांसाठी आहेत. मानाच्या.)

सौ. मोरिता : हे काय आहे?

आई : पोहे. निशीने केलेत.

(निशीने केलेले नाहीत.)

बाबा बशी कॅमेऱ्यापुढे धरतात. इतकी जवळ की जपानमध्ये सगळं पिवळं झालं असणार. तिकडून दोघंही 'ओऽऽ' म्हणतात. मग त्या दोन बश्या बाबाच खातात, पाहुण्यांच्या वतीने.

सौ. मोरिता : ती काय खात नाही?

आई : सगळं खाते. कारलंसुद्धा. लवकर उठते. शांत आहे. मोठ्याने हसत नाही.

(मी मोठ्याने हसते.)

आत्या : कॅमेऱ्यात दबलेली दिसते, प्रत्यक्षात उजळ आहे म्हणावं.

आई : ताई, ते विचारत नाहीयेत.

आत्या : विचारत नाहीत, बघतात.

सौ. मोरिता : आमचं घर फार जुनं आहे. लहान आहे. थंडीत गार पडतं. तुमच्या मुलीला त्रास होईल.

(आई पदर सारखा करते.)

आई : आमची मुलगीही तशी... फारसं काही येत नाही तिला.

(मिनिटापूर्वी मी कारलं खात होते.)

श्री. मोरिता : नाही, नाही. घरच लहान आहे.

बाबा : छे, छे. मुलगीच अशी आहे.

सौ. मोरिता : घर.

आई : मुलगी.

श्री. मोरिता : तर मग, तुम्हाला काय वाटतं?

(बाबांचं तोंड 'हो'साठी उघडतं. आत्या खाकरते.)

आई : आम्ही कळवतो.

तिकडच्या दोन्ही माना खाली झुकल्या. इकडे आईनेही झुकवली, जरा कमी. मी तिच्याकडे बघितलं. आई खूष होती. दिवाळीत असते तशी नाही. कुणीतरी तिला पहिल्या रांगेत बसवल्यासारखी.

कॉल संपल्यावर आत्याने निकाल दिला : "घर लहान आहे म्हणाली म्हणजे मुलगी नकोय. किंवा हवीय. आता आपण गप्प."

आम्ही गप्प बसलो. शनिवार, रविवार, सोमवार. तिकडे मोरिताही गप्प बसले. दोन देश एकमेकांसमोर मान खाली घालून.

(फक्त माझी बाजू ऐकू येते)

"हां हनिया, बोल."

"नाही, क्लासमध्ये नाही. मुशैरिबला आहे, मेट्रो बदलतेय."

"मोरितांची मेल? काय म्हणतायत?"

"माघार? कसली माघार?"

"'आमचं घर आपल्याला योग्य वाटलं नाही हे आम्ही समजू शकतो'... असं लिहिलंय त्यांनी?"

"अगं, नकार नव्हता तो. कळवतो म्हणालो होतो."

"नाही कळवलं. कारण लगेच कळवत नाहीत."

"का म्हणजे? तुमच्या लाहोरात रिश्ता आला की दारातच हो म्हणतात का?"

"हसू नकोस, हनिया."

"हनिया, हसू नकोस ना."

"दुसरं घर नाहीच का?"

"गुरुवारपर्यंत. बरं. आणि नाही झालं तर..."

"अलीजा आत्ता तिथेच उभी आहे ना, तुझ्या टेबलाशी?"

"तिला म्हणावं, अजून ताप आहे मला."

(ग्रुपवर)

मी : मोरितांनी माघार घेतली. आपण नाही म्हटलं असं समजले. गुरुवारपर्यंत हो झालं नाही तर माझी जागा अलीजाला.

बाबांनी अंगठा दाखवला. मग अंगठा काढून घेतला.

बाबा : मीटिंगमध्ये आहे. वाईट झालं.

आत्या : जाऊ दे. दुसरं बघू. जपान मोठं आहे.

मी : दुसरं नाहीये. मी त्यांना आज फोन करते.

आत्या : अजिबात नाही. मुलीकडच्यांनी मागे लागलं की मुलीची किंमत राहत नाही.

मी : आत्या, मला एक सत्र राहायचंय. नांदायचं नाहीये.

आत्या टाइप करतेय.

आत्या अजून टाइप करतेय.

आत्या : शुभ प्रभात. (गुलाब, समई, सूर्य.)

आईने सगळं वाचलं होतं. दोन निळ्या खुणा दिसत होत्या. तिने काही लिहिलं नाही.

(खोडलेलं)

प्रिय श्रीमती मोरिता, आमच्याकडे एक पद्धत आहे, ज्यात आवडलं तरी

प्रिय श्रीमती मोरिता, माझ्या आत्याच्या मते

प्रिय श्रीमती मोरिता, माझ्या आईला खरं म्हणजे

खरं म्हणजे काय? ते मला माहीतच नव्हतं. बाबा 'हो' म्हणणारच होते, तोंड उघडलेलं मी बघितलं होतं. आईने मध्ये पडून 'कळवतो' म्हटलं. लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकघरात गेले.

(स्वयंपाकघर)

आई मेथी निवडत होती. बुधवार, दुपार, बाहेर जूनचं ऊन, ओट्यावरची टाइलसुद्धा कोमट.

"तू मुद्दाम म्हणालीस," मी म्हणाले.

"काय?"

"कळवतो. आत्याने सांगितलं म्हणून नाही. आत्याचं तू एरवी कधी ऐकतेस?"

आई मेथीच्या काड्या एका बाजूला करत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बाबांच्या आधी मला बरेच जण बघून गेले. माहितीये?"

"माहितीये. पोहे."

"पोहे सगळ्यांनी खाल्ले. दोन-दोनदा घेऊन खाल्ले. आणि उठताना म्हणाले, कळवतो. एकानेही कळवलं नाही, निशी. नको तर नको, आम्ही काय गळ्यात पडणार होतो? पण एक फोन करावा की नाही? तुझे आजोबा रोज संध्याकाळी टेलिफोनची वायर नीट बसलीय का बघायचे. वायर नीटच असायची."

"आणि बाबा?"

"ह्यांच्याकडच्यांनीही नाही कळवलं. हे हेल्मेट विसरले होते आमच्याकडे. ते न्यायला आले आणि दारात उभ्याउभ्या म्हणाले, माझ्याकडून हो आहे, घरचं काय ते ताई कळवेल." आईने मेथी चाळणीत टाकली. "ताईंनी अजून कळवलेलं नाहीये."

मला हसू आलं. हसायची वेळ नव्हती, म्हणून दाबलं.

"शुक्रवारी ते मोरिता म्हणाले ना, तुम्हाला काय वाटतं? असं मला त्या खोलीत कधी कुणी विचारलं नव्हतं. खोली म्हणजे तसल्या खोलीत. मी कायम ट्रेच्या बाजूला. म्हटलं, एकदा तरी आपण म्हणून बघावं. आलंच तोंडात." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय छान वाटलं म्हणून सांगू."

"तुला छान वाटलं आणि माझं जपान गेलं."

हे मी बोलले त्यापेक्षा जोरात ऐकू आलं.  आईने नळ सोडला, बंद केला.

"आणि तू जाऊ नयेस असंही वाटत होतं मला," ती म्हणाली. "थोडंसं."

"किती थोडंसं?"

"पोह्यात साखर घालतो तेवढं."

मग तिने हात पुसले. "त्यांचा नंबर आहे?"

होता. सकाळीच हनियाकडून घेतला होता. हे नियमात बसत नाही, असं ती म्हणाली होती, पण तिच्या दोन बहिणींची लग्नं अजून व्हायची होती, त्यामुळे तिला आमची केस पटकन समजली.

"मग किल्ली घे गाडीची. इथून नको. हे येतील आता, आणि हे आले की फोनवर ताई येतात."

(गाडी)

करकच्या, म्हणजे इकडच्या कडक दुधाळ चहाच्या, दुकानासमोर गाडी उभी. एसी शेवटच्या आकड्यावर. दोन कप चहा, त्यातली वेलची नाकात. मोबाइल तापून बंद पडायला लागला होता, म्हणून मी तो एसीच्या झडपेसमोर धरून बसले. त्यामुळे जपानला आम्ही दोघी तिरप्या दिसणार होत्या.

आई घरातल्या ड्रेसवर होती. केस वर बांधलेले, बोटांना मेथीचा हिरवा वास. मोरपिशी साडी नाही, कुंकू पुसटलेलं. मला वाटलं निदान आरशात बघेल. नाही बघितलं.

सौ. मोरितांनी फोन घेतला. त्याही वेगळ्या दिसत होत्या. अंगात एप्रन, पाठ आपल्यासारखी वाकडी, मागे लाकडी जिना. आम्हाला बघून त्यांनी आधी चष्मा काढला, मग घातला.

"मिसेस मोरिता," आई म्हणाली. तिचं इंग्रजी भाजीवाल्याशी बोलतानाच्या वेगाने सुटलं. "मी कळवते म्हणाले होते. म्हणून कळवतेय. उशीर झाला. आमच्याकडून हो आहे. शुक्रवारीच हो होतं."

सौ. मोरितांनी फोन जरा जवळ घेतला.

आई थांबली नाही. "निशी कारलं खात नाही. सकाळी उठत नाही, हाका माराव्या लागतात. पोहे मी केले होते. मोठ्याने हसते. शांत तर अजिबात नाही. पण भांडी चांगली करते. म्हणजे मातीची. घासायची नाही."

"आई," मी म्हणाले.

"थांब. मला सांगू दे."

सौ. मोरितांनी चष्मा पुन्हा काढला आणि एप्रनला पुसत बसल्या. आईचा हात गियरवर होता, जणू वेळ आलीच तर गाडी नागोयाला घ्यायची.  पडद्यावर मोबाइल तापल्याची पिवळी खूण आली.

"शुक्रवारी," सौ. मोरिता सावकाश म्हणाल्या, "आम्ही चांगले कप काढले होते. ह्यांना टाय घालायला लावला. तुम्ही कळवणार म्हणून मी फोन न्हाणीघरातही घेऊन जात होते."

आईचा चेहरा पडला. तिने माझ्याकडे बघितलं, मग चहाच्या कपाकडे बघितलं. ती वायर बघायला गेली होती, हे मला दिसलं. आजोबांच्या घरातली. फक्त या वेळी ती दुसऱ्या टोकाला उभी होती.

"माफ करा," आई म्हणाली. हे तिने चुकून मराठीत म्हटलं. भाषांतर करायची गरज पडली नाही.

"नाही, नाही," सौ. मोरिता म्हणाल्या. "आमचं घरच लहान आहे."

आईने डोळे बारीक केले. "खरंच लहान आहे, की तुम्ही उगाच म्हणताय?"

"खरंच लहान आहे."

"चालेल," आई म्हणाली. "आमचंही लहानच आहे. सोफा मावतो म्हणून तेवढाच दाखवला." मग तिने घसा साफ केला. गुडघ्यावरची ओढणी सरळ केली. तिरप्या पडद्यात शक्य तितकी ताठ बसली. "तर मग? तुम्हाला काय वाटतं?"

सौ. मोरितांनी हात मांडीवर ठेवले. पाठ सरळ केली. शुक्रवारसारखी मान झुकवली.

"आम्ही कळवतो," त्या म्हणाल्या.

आईचं तोंड उघडंच राहिलं.

तेवढ्यात मागच्या जिन्यावरून धडाम असा आवाज आला. श्री. मोरिता पाठमोरे, एकेक पायरी चाचपत खाली येत होते. टाय नव्हता. हातात एका लाकडी कपाटाचं खालचं टोक, वरचं टोक कठड्यात अडकलेलं, आणि कपाटाबरोबर वरच्या खोलीतली वर्षानुवर्षांची धूळ. ते अडकलेल्या कपाटाशी जपानीत काहीतरी बोलले. ते आत्यानेही कानांवर हात ठेवावेत असं असावं.

सौ. मोरितांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मग दुसरा.

आई हसली. गाडीत, काचा बंद, एसी चालू, तरी दुकानापाशी उभे असलेले दोघं वळून बघायला लागले इतकी मोठ्याने. मी आयुष्यभर ऐकत आले आहे की हे हसणं माझ्यात कुठून आलं देव जाणे.

जिन्यावरून श्री. मोरितांनी काहीतरी ओरडून विचारलं. सौ. मोरितांनी मागे वळून ऐकलं आणि आमच्याकडे बघितलं.

"ते विचारतायत," त्या म्हणाल्या, "मुलीची उंची किती? अंथरूण काढायचंय."

"पाच फूट चार इंच," आई म्हणाली. एक क्षणही न थांबता.

मी पाच फूट दोन इंच आहे.